कापसाचे कूळ आणि गुणसूत्रांची साक्ष

जगात लागवडीखाली असलेल्या कापसाच्या जाती एकंदर चार आहेत आणि या चारही जाती पिकविणारा देश म्हणून भारताचा उल्लेख केला जातो. भडोच-बडोद्याच्या काळ्या जमिनीतील भडोची, धारवाड-बेळगाव पट्ट्यातील कुमठा व जयधर, माळव्यातील माळवी आणि पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील नांदेडकडील गावराणी हे सर्व देशी कापूस होत. यांपैकी भडोची, कुमठा व जयधर हे ‘हर्बेशियम’ या जातीचे, तर माळवी व गावराणी हे ‘आर्बोरियम’ या जातीचे वाण आहेत. उरलेल्या दोन जाती अमेरिका खंडातून आलेल्या आहेत. त्यांतील ‘हिर्सुटम’ या जातीला शेतकरी अमेरिकन कापूस म्हणतात व अतिलांब धाग्याच्या ‘बार्बाडेन्स’ या जातीची ओळख इजिप्शियन कापूस या नावाने आहे.

शेतात शेजारी शेजारी उभी असलेली देशी व अमेरिकन कापसाची झाडे पाहिली असता ती एकाच कुळातील आहेत हे कोणालाही सहज पटते. पाने, पात्या, फूल, बोंड, सरकी या सर्वांची घडण सारखीच असते. असे असूनही देशी कापसाचा पराग अमेरिकन कापसाच्या फुलावर घातला तर ते बोंड बहुधा गळून पडते. क्वचित एखादी सरकी भरली आणि तिच्यापासून झाड उगवले, तरी ते फुलते पण फळत नाही. याउलट, हिर्सुटम व बार्बाडेन्स यांचा संकर सहज होतो आणि त्यापासून जोमदार, भरघोस बोंडांचे झाड मिळते. रूपाने इतकी जवळची असलेली झाडे एके ठिकाणी जुळतात व दुसऱ्या ठिकाणी जुळत नाहीत, याचे उत्तर झाडाच्या बाह्य रूपात नसून त्याच्या पेशींतील गुणसूत्रांत आहे.

गुणसूत्रे म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीच्या केंद्रात धाग्यासारखे जे घटक असतात त्यांना गुणसूत्रे किंवा रंगसूत्रे म्हणतात. पेशी विभागत असताना विशिष्ट रंग दिला असता ती सूक्ष्मदर्शक यंत्राखाली स्पष्ट दिसतात व मोजता येतात. आईबापांचे गुण संततीत उतरविणारी जनुके या गुणसूत्रांवर असतात. गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून आलेले असते. पराग किंवा बीजांड तयार होते, तेव्हा जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांजवळ येतात आणि मग वेगळी होऊन त्यांतील एकेकच पुढे जाते. म्हणून परागात व बीजांडात गुणसूत्रांची संख्या निम्मी असते आणि फलन झाल्यावर ती पुन्हा पूर्ववत होते.

बहुतेक जातींची गुणसूत्रसंख्या ठरलेली असते. ज्वारीत ती २०, भातात २४, तर आपल्या नेहमीच्या गव्हात ४२ असते. संख्या अधिक म्हणजे वनस्पती अधिक प्रगत असे मात्र नव्हे. तथापि एकाच कुळातील जातींच्या संख्या ताडून पाहिल्यास त्यांच्या नात्याचा उलगडा होतो. कापसाच्याच भेंडी कुलात याचे घरगुती उदाहरण आहे. वाखासाठी लावली जाणारी अंबाडी ३६ गुणसूत्रांची असते, तर तांबड्या, आंबट निदलपुंजाची लाल अंबाडी ७२ गुणसूत्रांची असते. एक संख्या दुसरीच्या नेमकी दुप्पट असणे हा योगायोग नसतो. गुणसूत्रांचे संच वाढल्यामुळे वनस्पतींच्या नव्या जाती निर्माण होतात. या प्रकाराला बहुगुणितता असे म्हणतात.

सव्वीस आणि बावन्न

कापसाच्या वंशाला शास्त्रात ‘गॉसिपियम’ असे नाव आहे. यात लागवडीच्या चार जाती धरून सुमारे पन्नास जाती मोडतात. उरलेल्या सर्व रानटी असून त्या आफ्रिका, अरबस्तान, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे आढळतात. १९२० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी कापसाची गुणसूत्रे मोजली, तेव्हा दोन स्पष्ट गट दिसून आले. आशियातील देशी कापूस व बहुसंख्य रानटी जाती २६ गुणसूत्रांच्या, तर लागवडीचे अमेरिकन कापूस ५२ गुणसूत्रांचे निघाले.

देशी व अमेरिकन कापसाचा संकर वांझ का होतो, हे या आकड्यांवरून लगेच ध्यानात येते. देशी कापसाच्या परागात १३ व अमेरिकन कापसाच्या बीजांडात २६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या मीलनाने ३९ गुणसूत्रांचे झाड तयार होते. ३९ ही विषम संख्या आहे. जोड्या लागल्यावर काही गुणसूत्रे जोडीदाराविना उरतात व पराग तयार होताना ती वाटेल तशी विखुरली जातात. परिणामी बहुतेक पराग व बीजांडे निकामी ठरतात.

याच वांझ झाडांनी पुढे एक मोठे गूढ उकलले. ए. स्कोव्हस्टेड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अशा संकरित झाडांची गुणसूत्रे बारकाईने तपासली. अमेरिकन कापसात १३ जोड्या मोठ्या गुणसूत्रांच्या व १३ जोड्या लहान गुणसूत्रांच्या आहेत आणि त्यांतील मोठी गुणसूत्रेच तेवढी देशी कापसाच्या गुणसूत्रांशी जोडी करतात, असे त्याला आढळले. लहान गुणसूत्रे अमेरिका खंडातील रानटी कापसाच्या गुणसूत्रांसारखी होती. यावरून निष्कर्ष निघाला तो असा, की अमेरिकन कापूस हा मुळात एका संकराचा वंशज आहे. त्याच्या प्रत्येक पेशीत देशी कापसाच्या घराण्याचा एक संच व अमेरिकन रानटी कापसाचा एक संच एकत्र नांदत आहेत. शास्त्रज्ञ पहिल्याला ‘ए’ संच व दुसऱ्याला ‘डी’ संच म्हणतात.

हा निष्कर्ष पारखून पाहण्याची संधी लवकरच आली. कोल्चिसिन या द्रव्यामुळे पेशीतील गुणसूत्रे दुप्पट होतात, हे १९३७ मध्ये सिद्ध झाले होते. महाराष्ट्र व कर्नाटकाच्या रानांत आढळणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत हे विषारी द्रव्य असते. १९४० मध्ये बीसली व हारलंड या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे देशी आर्बोरियम कापूस आणि ॲरिझोना-मेक्सिकोकडील ‘थर्बेरी’ हा रानटी कापूस यांचा संकर करून त्याची गुणसूत्रे कोल्चिसिनने दुप्पट केली. १३ व १३ मिळून झालेली २६ गुणसूत्रे ५२ झाली आणि वांझ झाडाला फलनक्षमता आली. अमेरिकन कापसाशी या झाडाचा संकरही होऊ शकला. निसर्गात जे पूर्वी घडले होते, त्याचीच ही प्रयोगशाळेतील पुनरावृत्ती होती.

महासागरापलीकडची गाठ

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. ‘ए’ संचाचे कापूस आफ्रिका व आशियातील, तर ‘डी’ संचाचे कापूस मेक्सिको व पेरूकडील. मध्ये महासागर असताना या दोघांची गाठ पडली कशी?

या प्रश्नाच्या इतिहासात इंदूरचेही नाव आहे. जे. बी. हचिन्सन या शास्त्रज्ञाने १९३३ ते १९३७ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेत कापसावर संशोधन केले व आशिया-आफ्रिकेतील कापसांचे वर्गीकरण केले. पुढे सिलो व स्टीफन्स या सहकाऱ्यांसह त्याने १९४७ मध्ये कापसाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आशियातील कापूस माणसाने महासागरापलीकडे नेला व तेथे हा संकर झाला, असा तर्क त्यात मांडला होता. नंतरच्या काळात जनुकीय द्रव्यांची प्रत्यक्ष तुलना झाली, तेव्हा हा तर्क मागे पडला. हा संकर सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आजच्या मानवाच्या उदयाच्याही आधीचा ठरला. रानटी कापसाची कठीण कवचाची सरकी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकून राहू शकते. तेव्हा आफ्रिकेकडील एखादी सरकी लाटांबरोबर वाहत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली व तेथील रानटी कापसाशी तिच्या झाडाचा संकर झाला, असे आता मानले जाते. आजच्या रानटी जातींपैकी पेरूमधील ‘रेमोंडी’ ही जात त्या ‘डी’ पूर्वजाला सर्वांत जवळची आहे.

हा वंश एकदा निर्माण झाल्यावर तो दूरवर पसरला. हिर्सुटम व बार्बाडेन्स यांच्याखेरीज ५२ गुणसूत्रांच्या आणखी पाच रानटी जाती ज्ञात आहेत. त्यांतील एक हवाई बेटांवर, एक गालापागोस बेटांवर व एक ब्राझीलमध्ये आढळते. लहानशा वेक बेटावरील जात तर २०१७ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखली गेली.

‘डी’ संचाच्या रानटी जातींच्या सरकीवर पिंजण्या-कातण्याजोगी रुई येत नाही. कातता येणारा धागा ही मूळची ‘ए’ घराण्याची देणगी होय. तथापि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की अमेरिकन कापसाच्या धाग्याची प्रत ठरविणारी बरीच जनुके ‘डी’ संचाच्या गुणसूत्रांवर आहेत. ज्या पूर्वजाजवळ स्वतःची रुई नव्हती, त्याच्याच वाट्याने दोन संचांच्या संयोगानंतर धाग्याच्या सुधारणेला हातभार लावला.

संख्या तीच, मांडणी वेगळी

गुणसूत्रांतील फरक केवळ संख्येचा असतो असे नाही. हर्बेशियम व आर्बोरियम या दोन्ही देशी जातींत २६ च गुणसूत्रे आहेत. त्यांचा संकर होतो व पहिल्या पिढीत तो फळतोही. परंतु अशा संकरात पराग तयार होताना पाहिले असता काही गुणसूत्रे दोन-दोनांच्या जोडीत न राहता चारांच्या गटात गुंततात. पूर्वी केव्हातरी दोन गुणसूत्रांचे तुकडे मोडून त्यांची आपसांत अदलाबदल झाली, त्याचे हे चिन्ह होय. डी. यू. गर्स्टेल याने १९५३ मध्ये या अदलाबदलींचा हिशोब मांडला. अमेरिकन कापसातील ‘ए’ संचाशी तुलना करता हर्बेशियमची मांडणी अधिक जवळची निघाली. आर्बोरियममध्ये एक अदलाबदल जास्तीची आढळली. यावरून हर्बेशियमने जुनी मांडणी अधिक जपली आहे असे ठरते. अमेरिकन कापसाचा ‘ए’ पूर्वज हा आजच्या दोन्ही देशी जातींचा सामाईक पूर्वज असावा, असे अलीकडील संशोधन सुचविते.

संख्या घटूही शकते. कापसाचा निकटचा नातलग असलेल्या पूर्व आफ्रिकेतील ‘गॉसिपिऑयडिस’ या वंशात १३ ऐवजी १२ जोड्या आहेत. हरवलेल्या जोडीतील जनुके नाहीशी झालेली नाहीत. गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेल्यामुळे संख्या एकाने कमी झाली.

आकारमानातही फरक आढळतो. ‘ए’ संचातील जनुकीय मजकूर सुमारे १७० कोटी अक्षरांचा आहे असे मानले, तर ‘डी’ संचातील मजकूर सुमारे ८८ कोटी अक्षरांचा, म्हणजे जवळजवळ निम्मा आहे. उपयुक्त जनुकांची संख्या मात्र दोहोंत जवळपास सारखीच, सुमारे चाळीस हजार आहे. स्वतःच्याच प्रती काढून ठिकठिकाणी शिरणारे काही जनुकीय तुकडे ‘ए’ घराण्यात फार वाढले, म्हणून त्याची गुणसूत्रे मोठी झाली. स्कोव्हस्टेडला सूक्ष्मदर्शकाखाली मोठी व लहान गुणसूत्रे दिसली होती, त्यांचे कारण हेच होते.

वाणांच्या सुधारणेत उपयोग

गुणसूत्रांचे हे ज्ञान पीक सुधारणेच्या कामी प्रत्यक्ष उपयोगी पडले आहे. सुरत येथील संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी तयार केलेला ‘संकर-४’ हा वाण १९७० मध्ये प्रसारित झाला. त्याचे दोन्ही पालक हिर्सुटम जातीचे आहेत. १९७२ मध्ये धारवाडला बी. एच. कटारकी यांनी ‘वरलक्ष्मी’ हा वाण दिला. त्यात लक्ष्मी हा हिर्सुटम वाण व बार्बाडेन्सचा वाण यांचा संकर आहे. जाती दोन असल्या तरी दोहोंची गुणसूत्रे ५२ व संचही तेच, म्हणून हा संकर साधला. १९८० च्या दशकात सुरत येथूनच हर्बेशियम व आर्बोरियम यांचा देशी संकरही प्रसारित झाला. तेथे दोन्ही बाजूंना २६ गुणसूत्रे होती.

अशा संकरांचे बियाणे तयार करताना संध्याकाळी उमलू घातलेल्या फुलातील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या वाणाचा पराग लावावा लागतो. संकरित पिकाची सरकी पुढील वर्षी पेरल्यास गुण विखुरतात व झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून हे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. सरळ वाणाचे शुद्ध बियाणे मात्र शेतकऱ्याला स्वतः राखता येते.

देशी कापसाचा एखादा गुण अमेरिकन कापसात आणावयाचा असेल, तर वाट बिकट असते. ३९ गुणसूत्रांच्या वांझ झाडाची गुणसूत्रे दुप्पट करून ७८ करावी लागतात आणि मग त्याचा पुनःपुन्हा अमेरिकन कापसाशी संकर करीत हवा तो गुण टिकवून संख्या पुन्हा ५२ वर आणावी लागते. यात अनेक वर्षे जातात व हवा असलेला गुण वाटेत गळण्याचा संभव असतो.

देशी कापूस का राखावा?

१९४७ मध्ये देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते. फाळणीत पंजाब व सिंधमधील अमेरिकन कापसाचा मोठा बागायती मुलूख पाकिस्तानात गेला. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून येथे अमेरिकन कापसाचा प्रसार झाला आणि त्याने गिरण्यांची गरज भागविली. २००२ मध्ये बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी संकरांना परवानगी मिळाली व त्यानंतर देशी कापसाचे क्षेत्र अगदी थोडे उरले.

देशी कापूस सर्वगुणसंपन्न आहे असे नाही. त्याचा धागा बहुधा आखूड असतो, आर्बोरियमवर दहिया रोग पडतो आणि मर रोगाने तर देशी कापसाचे पूर्वी मोठे नुकसान केले आहे. परंतु कमी पावसात तग धरणे व तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना दाद न देणे हे गुण त्याच्या अंगी आहेत. पाने मुरडणारा विषाणुरोग १९९० च्या दशकात पाकिस्तानात व नंतर वायव्य भारतात अमेरिकन कापसावर मोठ्या प्रमाणात पसरला, तेव्हा आर्बोरियम मात्र या रोगापासून जवळजवळ मुक्त राहिला.

गुणसूत्रांचा धडा येथेच शेताशी येऊन मिळतो. अमेरिकन कापसाच्या दोन वाणांपैकी एक नष्ट झाला, तर त्याच्यासारखे गुण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणात शोधता येतात. देशी कापूस हे मात्र लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले घराणे आहे. त्याचा वाण गेला, तर त्याच्याबरोबर गेलेला गुण अमेरिकन कापसाच्या कोठारात मिळेलच याचा भरवसा नाही. नागपूर येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत कापसाच्या वाणांचा संग्रह आहे. तथापि कोठारातील बी जसेच्या तसे राहते, तर शेतातील बी बदलत्या पावसाशी व किडींशी जुळवून घेत राहते. म्हणून दोन्ही ठिकाणी ते राखणे इष्ट होय.

देशी बियाणे राखणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेजारच्या अमेरिकन कापसाच्या परागाने देशी वाण बिघडण्याचे भय फारसे नसते, कारण गुणसूत्रसंख्या आड येते. मात्र एका देशी वाणाजवळ दुसरा देशी वाण असल्यास मधमाश्यांमार्फत मिसळ होते. म्हणून दोन देशी वाण एकमेकांपासून दूर लावावेत. याहून मोठी मिसळ जिनमध्ये होते. तेव्हा बियाण्यासाठीचा कापूस वेगळा वेचावा, वेगळा ठेवावा आणि यंत्र स्वच्छ केल्यावरच वटवावा.

शाळेत करून दाखविता येण्याजोगा पाठ

हा विषय मुलांना समजावून देण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची गरज नाही. मक्याचे व ज्वारीचे दाणे पुरेसे आहेत. मक्याचा दाणा म्हणजे मोठे गुणसूत्र व ज्वारीचा दाणा म्हणजे लहान गुणसूत्र असे मानावे. देशी कापसासाठी मक्याच्या दाण्यांच्या १३ जोड्या मांडाव्यात. अमेरिकन कापसासाठी मक्याच्या १३ व ज्वारीच्या १३ जोड्या मांडाव्यात. आता प्रत्येक जोडीतील एकेक दाणा उचलून दोन्हीकडचे दाणे एकत्र करावेत आणि पुन्हा जोड्या लावण्यास मुलांना सांगावे. मक्याच्या १३ जोड्या लागतात व ज्वारीचे १३ दाणे एकेकटे उरतात. संकर वांझ का होतो हे मुलांना डोळ्यांनी दिसते. त्यानंतर प्रत्येक दाण्याशेजारी तसाच आणखी एक दाणा ठेवावा. दाण्यांची संख्या ७८ होते व एकही दाणा एकटा राहत नाही. संच दुप्पट झाल्याने फलनक्षमता कशी येते, हे त्यावरून उमगते.

गावात एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने बांधावर किंवा परसात जुन्या कापसाचे झाड राखले असल्यास शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी त्याचे स्थानिक नाव, फुलाचा रंग, बोंडाचा आकार व रुईची प्रत यांची नोंद करावी आणि मूठभर सरकीसह ती जवळच्या कृषी संशोधन केंद्राकडे पाठवावी. त्या मूठभर सरकीत कापसाच्या एका प्राचीन घराण्याचा वारसा असतो आणि तो एकदा नाहीसा झाला, तर कोणत्याही प्रयोगशाळेला तो पुन्हा घडविता येणार नाही.